छप्पर उतरवताना, कौलं विकताना

होळी झाली की कोकणात छपरांची कामं निघतात. शिमग्याला मुंबई-पुण्याहून घरची माणसं येतात, माजघराच्या भिंतीवर गेल्या पावसातली ओल दिसते, कोणीतरी माळ्यावर चढून वासे ठोकून बघतो आणि रात्री जेवताना ठरतं की यंदा छप्पर बदलायचंच. दुसऱ्या दिवशी घरातलं एखादं तरुण पोर फोटो काढतं आणि जुनी कौलं, सागवानी तुळया, कोरीव दार असं सगळं ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर टाकतं. छपराच्या खर्चाला तेवढाच हातभार. पहिला फोन यायला मग फार वेळ लागत नाही.

छप्पर बदलणं आणि उतरलेलं सामान विकणं ही दोन कामं आपण वेगवेगळी धरतो, पण ती एकमेकांत अडकलेली असतात. पाऊस तोंडावर आलेला, घर उघडं पडलेलं, सुतार आगाऊ मागतोय, अंगणात कौलांच्या थप्प्या लागल्यात. अशा वेळी माणूस पैशाची वाट बघत असतो, आणि फोनवरच्या भामट्याला हे आवाजावरून कळतं. म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. विक्रीच्या पैशावर विसंबून छपराला हात घालू नका आणि छपराच्या घाईत विक्री उरकू नका. नवं छप्पर चढलं, घर बंदिस्त झालं, की मग सामानाची जाहिरात द्या. कौलं नासत नाहीत, पावसाळा काढूनही विकली जातात.

त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा आहे: ही कौलं उतरवायची गरज आहे का? जुनी मंगळुरी कौलं विकत घ्यायला माणूस पुण्याहून ट्रक घेऊन कोकणात उतरतो, याचा अर्थ त्या कौलांत काहीतरी दम आहे. बासेल मिशन या संस्थेने मंगळूरला जेप्पू इथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं समुद्रमार्गे मुंबईपर्यंत आली. पुढे इतर कारखाने निघाले. पहिल्या महायुद्धानंतर मिशनची मालमत्ता कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेली, त्यामुळे त्या नावाचा छाप असलेलं कौल त्यानंतरचं समजावं. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ हे साल दिसलं म्हणून ते कौल त्या सालचं ठरत नाही, ते कारखान्याचं साल आहे. जाहिरातीत ‘१८६५ सालची कौलं’ असं लिहू नका. जाणकार गिऱ्हाईक तिथेच तुम्हाला अडाणी समजेल, आणि अजाण गिऱ्हाईक पुढे फसवलं म्हणून भांडायला येईल.

जुनं कौल अजून चांगलं आहे की नाही हे बघणं सोपं आहे. एका हातावर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने टकटक करा. खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली आहे आणि अंगात तडा नाही. बद्द वाजलं तर बाजूला ठेवा. छपराच्या चारी बाजूंची मिळून आठ-दहा कौलं सुकी असताना तोला, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती कौलं पाणी पितात, पावसाळाभर ओली राहतात आणि खालच्या रिपा कुजवतात. पृष्ठभागावर शेवाळ धरलंय म्हणून कौल वाईट ठरत नाही. ब्रशने घासून बघा, खालून लाल रंग निघतो.

बहुतेक जुन्या घरांत दोष कौलांचा नसतो, लाकडाचा असतो. आणि लाकूडही सगळं गेलेलं नसतं. माळ्यावर बॅटरी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन चढा. प्रत्येक वाशाची दोन टोकं तपासा: भिंतीत घुसलेलं एक आणि वळचणीकडचं दुसरं. कुजणं आणि वाळवी तिथूनच सुरू होते, कारण ओल तिथे राहते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर लोण्यासारखं आत गेलं तर तो भाग गेला. दोन-तीन मिलिमीटरवर अडलं तर वासा अजून काम देईल. वाशाच्या अंगावर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या की वाळवी चालू आहे. ऐन, किंजळ किंवा सागाचा वासा मधे ठणठणीत आणि टोकाला हातभर गेलेला असं फार वेळा आढळतं. कुजलेला तुकडा कापून तिथे नवं लाकूड जोडणारा सुतार मिळाला तर निम्मा खर्च वाचतो. दोन छपरं जिथे मिळतात त्या सांध्याखालची पन्हळ मात्र आवर्जून बघा, तिच्या खालची लाकडं सर्वांत आधी जातात. गळतीचा डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असेलच असं नाही. पाणी वाशाच्या पोटावरून घरंगळत हात-दोन हात खाली येतं आणि मग टपकतं. म्हणून भर पावसात माळ्यावर चढून पाण्याची रेघ कुठून सुरू होते ते बघितलेलं असेल तर उत्तम. ते राहिलं असेल तर उन्हाच्या दिवशी अंधाऱ्या माळ्यावर उभं राहून कुठून उजेड येतो त्या जागांवर खडूने खुणा करून ठेवा.

पण अनेक वाड्यांवर माणसं कौलं सोडून पत्र्याकडे वळली ती गळतीमुळे नव्हे, माकडांमुळे. टोळी छपरावर उतरली की एका सकाळी वीस-पंचवीस कौलांचा चुरा होतो. जोडीला दरवर्षी वैशाखात कौलं परतायला चढणारी माणसं आता मिळत नाहीत. या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणून त्या उडवून लावणं बरोबर नाही. घरात वर्षातून दोनदा येणाऱ्याला आणि गावात एकट्या राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या आईला दर पावसाळ्यात छपराची चिंता परवडत नाही.

अशा वेळी काय घालायचं? स्लॅबचा विचार मनात येतो, पण जुन्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंतींवर तो घालू नका. मंगळुरी कौल साधारण अडीच किलोचं असतं आणि एका चौरस मीटरला पंधराएक बसतात, म्हणजे कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास. पाच इंची स्लॅबचं वजन तेवढ्याच जागेला तीनशे किलोंच्या वर जातं. भिंत बांधणाऱ्याने ते वजन कधी धरलेलं नव्हतं. स्लॅबच हवा असेल तर खांब-तुळयांचा वेगळा सांगाडा उभा करावा लागतो आणि ते काम स्थापत्य अभियंत्याने आखून दिल्याशिवाय सुरू करू नये.

रंगीत पत्रा हलका, चौरस मीटरला पाच किलोंच्या आत. हलकेपणाचा फायदा भिंतीला होतो आणि तोटा वाऱ्यात दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा कौलारू घरांची कौलं उडाली, आणि काही पत्र्यांची छपरं सांगाड्यासकट उचलली गेली. नंतर पत्रे मिळेनात, मिळाले ते चढ्या भावाने. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. म्हणून फॅब्रिकेटरशी दराची घासाघीस करण्याआधी त्याला विचारा की लोखंडी सांगाडा भिंतीला कशाने धरणार. नुसत्या चिऱ्यात भोक पाडून बोल्ट ठोकणार असेल तर त्याला थांबवा. भिंतीच्या माथ्यावर सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, त्यात बोल्ट आधीच पुरायचे आणि सांगाडा त्यावर आवळायचा. हा पट्टा भिंतीही एकत्र बांधून ठेवतो, कौलांच्या भाराने भिंती बाहेर झुकलेल्या असतील तर त्याची गरज दुप्पट.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा सांगून त्याहून पातळ देणारे आहेत. गाडीतून उतरताच दोन-चार पत्र्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या, यंत्र दुकानदाराकडे असतंच. समुद्र जवळ असेल तर जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा चौरस मीटरला १५० ग्रॅम असलेला पत्रा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. स्क्रूखालचा रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर फुगेपर्यंत आवळू नये, तो दोन उन्हाळ्यांत चिरतो. पत्रा कापला की लोखंडाचा बारीक कीस छपरावर पडतो, त्याच संध्याकाळी झाडून काढायला लावा. पहिल्या पावसात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके धरतात, तिथूनच पुढे भोकं.

माझ्या मते ज्यांना परवडेल त्यांनी लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर आपलीच जुनी कौलं असं करावं. माकडाने कौल फोडलं तरी पाणी आत येत नाही, पत्रा तापत नाही, पावसाचा आवाज सोसण्याजोगा राहतो आणि बाहेरून घर आपलंच दिसतं. मात्र पत्रा आणि कौल यांच्यामध्ये पाणी वाहून जायला मोकळी जागा हवी. त्यासाठी उभ्या पट्ट्या टाकून त्यावर आडव्या रिपा माराव्या लागतात. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका, तुमच्याच कौलाची खाच मोजून ठरवा. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, तेव्हा एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, एकाच छापाची कौलं ठेवा.

पडवीला किंवा गोठ्याला जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं. तो हातोड्याने फोडून खाली टाकू नये. पाणी मारून ओला करावा, नट सोडवून अख्खा उतरवावा, उतरवणाऱ्याने चांगला मास्क लावावा. तो कोणाला विकू नका, फुकट देऊ नका.

कामाचा मुहूर्त होळीनंतरचा आणि शेवट १० मेच्या आत धरा. मुंबईला पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून असली तरी २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत पोहोचला होता. एका वेळी सगळं छप्पर उघडू नका. एक पाखं पुरं करून दुसऱ्याला हात घाला आणि मेणकापड, दोर पहिल्या दिवसापासून घरात आणून ठेवा.

आता मोजमाप, कारण छपराच्या कामालाही ते लागतं आणि विक्रीलाही. समजा घर तीस फूट बाय चाळीस फूट आहे आणि वळचण चारी बाजूंनी दोन फूट बाहेर आहे. म्हणजे चौतीस गुणिले चव्वेचाळीस, जवळजवळ १५०० चौरस फूट. छपराचा उतार तीस अंशांचा असेल तर याला १.१५ ने गुणा, साधारण १७२५ चौरस फूट येतात. ठेकेदार छपराच्या अंगावर मोजतो की जमिनीवर, हे दर ठरवण्याआधी विचारा, नाहीतर हिशेबात पंधरा टक्के फरक पडतो. हे १६० चौरस मीटर झाले, म्हणजे सुमारे २४०० कौलं, म्हणजे सहा टन माल.

सहा टनांचा हा आकडा लक्षात ठेवा, कारण खरं आणि खोटं गिऱ्हाईक ओळखायला त्याच्यासारखं साधन नाही. छोटा हत्ती टेम्पो साडेसातशे किलो, म्हणजे तीनशे कौलं नेतो. सगळा माल न्यायला त्याच्या आठ फेऱ्या लागतील. ज्याला खरंच कौलं हवी आहेत तो माणूस लगेच विचारतो: गाडी अंगणापर्यंत येते का? घाटी वर चढायची आहे का? भरायला माणसं तुमची की माझी? छाप कुठला आहे? कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, किती आहेत? कौलं उतरवलीत की अजून वर आहेत? तूट कोणाच्या अंगावर? मग तो भावावर येतो आणि तुम्ही वैतागाल इतकी घासाघीस करतो. त्याचा राग मानू नका. तो बघायला येतो, थप्पीतलं मधलंच एक कौल ओढून काढतो, टकटक करून कानाशी धरतो. हे खरं गिऱ्हाईक.

आता दुसरा फोन ऐका. बहुधा हिंदीत असतो. ‘मैं फौज में हूँ जी, अभी पोस्टिंग दूर है, गाँव में घर बना रहा हूँ, आपका माल पसंद है.’ भाव तुम्ही सांगाल तो कबूल. बघायला येणार नाही, त्याचा माणूस गाडी घेऊन येईल. कौलं किती, कुठल्या छापाची, काही विचारत नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, जे तुम्ही मागितलेलंच नसतं. मग म्हणतो, आगाऊ पैसे आत्ताच पाठवतो. आधी एक रुपया पाठवतो, तो खरोखर जमा होतो. त्याने आपली भीड चेपते. पुढे येतो क्यूआर कोड: ‘हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात दहा हजार येतील.’ तुम्ही स्कॅन करता, ॲप पिन मागतं.

तिथे थांबा. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. पूर्वी हेच काम पैशांची मागणी पाठवून केलं जायचं. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बँकांना सांगितलं, पण क्यूआर कोडची युक्ती चालूच आहे. त्या माणसाला फक्त एक विचारा, ‘गाडी कुठली पाठवताय?’ सहा टन मालाला ‘छोटी गाडी आयेगी जी’ असं उत्तर आलं की फोन ठेवून द्या. भांडत बसू नका, पुरावे मागू नका. बोलणं लांबलं की त्याचंच फावतं.

याचीच भावंडं पुष्कळ आहेत. एकजण ‘चुकून जास्त पाठवले, वरचे अठरा हजार परत करा’ म्हणतो आणि तुमच्या मोबाइलवर वीस हजार जमा झाल्याचा मेसेज आलेला असतो. मेसेज कोणाकडून आला ते बघा. बँकेचा जमा-खर्चाचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आणि मेसेज खरा वाटला तरी बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघितल्याशिवाय एक पैसा परत पाठवू नका. दुसरा चेक भरल्याची पावती पाठवतो. चेक वटेपर्यंत खात्यात दिसणारी रक्कम तुमची नसते. तिसरा ‘ऑर्डरची फाइल’ म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, पाठवतो, ती उघडली की फोनमधले ओटीपी त्याला दिसू लागतात. चौथा स्टारने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगतो, त्याने तुमचे फोन त्याच्याकडे वळू शकतात. पाचवा वाहतुकीची अनामत तुमच्याकडून मागतो. विकणाऱ्याने पैसे द्यायचे, असा व्यवहार जगात नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर. कधी कधी पैसे खरोखर येतात, मालही जातो आणि काही दिवसांनी तुमचं खातं गोठवलं जातं. कारण ते पैसे दुसऱ्या कोणाला तरी फसवून मिळवलेले असतात, त्याने तक्रार केलेली असते आणि पोलिसांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो. तुमचा दोष नसतो, पण तो नसल्याचं दाखवावं लागतं. म्हणून पैसे माल नेणाऱ्याच्याच खात्यातून घ्या. खात्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. ‘माझा मित्र पाठवतोय’, ‘चार खात्यांतून थोडे थोडे येतील’ असं म्हणाला की व्यवहार मोडा. रोख घ्यायची तरी एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. दोन प्रतींत हातपावती करा: कौलं किती, कोने किती, लाकूड कुठलं आणि किती, विसार किती घेतला, बाकी किती, गाडीचा नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. गाडी भरतानाचे फोटो ठेवा. खातं गोठलं तर बँकेपुढे आणि पोलिसांपुढे हेच कामाला येतं.

बघायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक खरं असतंच असंही नाही. कोकणातली कितीतरी घरं वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात आणि घरात पितळेची भांडी, झोपाळ्याच्या कड्या, कोरीव चौकटी असतात. जाहिरातीत ‘घर बंद असतं, रविवारी फोन करा’ असं लिहू नका. फोटो अंगणातल्या थप्पीचे टाका, घराच्या आतले नकोत. देवघर, कपाट, मागचं दार फोटोत येता कामा नये. पत्ता गावाच्या नावापुरता सांगा, नेमकी वाट माणूस निघाल्यावर फोनवर सांगा. बघायला येणाऱ्याला भरदिवसा बोलवा, वाडीतला एखादा पुरुष किंवा शेजारीण सोबत असू द्या, आणि चहा द्यायचा तर ओटीवरच द्या. घरात कोण कोण असतं, रात्री कोण झोपायला येतं, असं सहज विचारणारा माणूस कौलांसाठी आलेला नाही.

गावात आई किंवा काकू एकटी असेल तर जाहिरातीत तिचा नंबर देऊ नका. तरी फोन तिच्यापर्यंत जातोच. तिला एकच वाक्य शिकवून ठेवा: ‘पैशाचं आमचा मुलगा बघतो, त्याच्याशी बोला.’ पुढचं काही ऐकायचं नाही, फोन ठेवायचा. त्याने ‘मावशी, मुलासारखा आहे मी तुमच्या’ म्हटलं तरीही.

विकण्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा काढा. घर सामाईक असेल तर चुलत्यांची, भावांची, आणि हिस्सा असलेल्या बहिणींचीही लेखी संमती घ्या. तुळई गाडीत चढल्यावर मुंबईहून चुलतभावाचा फोन आला, ‘आजोबांचं घर तू कोणाला विचारून उघडलंस?’, तर गिऱ्हाईकही जातं आणि नातंही. सागवान आणि इतर इमारती लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या परवान्याबद्दल वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. ‘ते मी बघतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहू नका, गाडी अडली की नाव तुमचं निघतं.

एवढं करूनही कोणी फसलं तर पहिला तास महत्त्वाचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात पोहोचून काढले जाण्याआधी तिथेच अडवता येतात. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. लगोलग आपल्या बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेवर टाकलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ‘पैसे परत मिळवून देतो’ असा फोन पुढच्या आठवड्यात आला तर तो पुन्हा भामट्याचाच असतो. आणि घरातल्या ज्या कोणाच्या हातून हे झालं त्याला बोलू नका. बोलणी खाण्याच्या भीतीने माणसं दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे हातचे जातात.

माल जाण्याच्या दिवशी कौलं जमिनीवर उभी, पन्नास-पन्नासच्या ओळींत लावून ठेवा, मोजणी दोघांनाही सोपी जाते. मोजणी गाडीत चढताना करायची, पोहोचल्यावरची नव्हे, आणि गाडी अंगणातून हलली की तूट घेणाऱ्याची, हे पावतीवर लिहा. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच शेवटची ओळ चढवा.

कौलं पुन्हा छपरावर चढवणार असाल किंवा पडवी तरी कौलारू ठेवणार असाल, तर त्याच छापाची दीडशे-दोनशे कौलं आणि दहा-बारा कोने विकू नका. गिऱ्हाईक सगळा माल एकदम मागतं आणि त्यासाठी भाव वाढवून देतं, तरी देऊ नका. त्या छापाचं कौल नंतर शोधायला गेलात तर मिळत नाही. मागच्या पडवीत फळीवर, भिंतीला न टेकवता, उभी लावून ठेवा.